फक्की

पहाटे पाचला स्टेडियमचं गेट उघडणारा मी, पिराजी.
फक्कीची बादली, सुतळीचं रीळ, दोन खुंट्या
आणि रेघा मारायचं पत्र्याचं गाडं,
ज्याचं एक चाक सत्त्याण्णव सालापासून करकरतंय.

अठ्ठावीस वर्षं झाली.
कुणी पडलं, कुणी रडलं, कुणाचा गुडघा कायमचा गेला,
सगळं माझ्या रेघांच्या आत.
बाहेर गेलेलं मी मोजत नाही.

फायनलच्या आदल्या रात्री शहर झोपलंच नव्हतं.
तोफखाना तालमीच्या दारात पांढरे झेंडे,
नागझरीच्या गल्लीत तांबडे,
आणि मधल्या चौकातला भडंगवाला
शहाणपणानं हिरवा शर्ट घालून बसलेला.
माझं घर तोफखान्यात. बायकोचं माहेर नागझरी.
मॅचच्या दिवशी आमच्याकडं
मी फक्त पांढरा रस्सा ओरपतो, ती फक्त तांबडा.
लेकरं मटण खातात आणि गप बसतात.

एक गोष्ट सेक्रेटरीला सांगायची राहिली होती.
राहिली म्हणजे, सांगितली नव्हती.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.
सीझन संपू दे, मग बघू, म्हणत होतो.
त्या पहाटे गोलच्या दोन खांबांमधून सुतळी ताणली
आणि बघतो तर दोन सुतळ्या.
एक इथं, एक तिच्यापासून चार बोटं आत.
वाकून हातानं चाचपायला हवं होतं.
पण वाकलं की कंबर धरते,
आणि वर गॅलरीत तीन पोरं रात्रीपासून जागा धरून बसलेली,
माझ्याकडंच बघत.
म्हटलं, अंबाबाई, तूच काय ते बघ,
आणि एकीवर गाडं घातलं.

आमचा एक गोल पहिल्याच हाफला झाला, त्याचं काही नाही.
त्यानंतर नुसती ढकलाढकल, शिट्ट्या, पाण्याच्या बाटल्या.
भिंतीवर पोरं, झाडावर पोरं,
एक म्हातारा तर पोलिसांच्या गाडीच्या टपावर,
आणि पोलीस त्यालाच विचारतोय, कॉर्नर आहे का ओ?

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट.
नागझरीच्या सर्जेराव मिठारीनं डाव्या पायानं असा हाणला
की चेंडू वरच्या दांडीवर आपटून सरळ खाली.
रेघेवर.
आमच्या बोळातला इर्शाद बागवान गोलकीपर,
त्यानं झेप घेऊन तो पोटाशी ओढला,
उपाशी माणसानं भाकरी ओढावी तसा.
सगळं स्टेडियम गप.
मी गोलच्या मागं, बादली घेऊन.

लाइनमन वाकून रेघ बघत होता.
माझी रेघ.
त्याला एकच दिसत होती, बिचाऱ्याला.
त्यानं झेंडा हलवला नाही.

मग काय. शिट्टी झाली, माणसं मैदानात घुसली,
कोण गुलाल घेऊन, कोण दगड घेऊन,
आणि अर्ध्या मिनिटात रेघ गेली.
पुरावा चपलांच्या तळव्यांना लागून
दोन्ही पेठांत घरोघर पोचला.

रात्री घरी आलो. हाताची फक्की नखांतून निघेना.
ती काही बोलली नाही.
ताटात पांढरा नव्हता.

पंधरवड्यानं सीपीआरला डोळा कापला.
शेजारच्या कॉटवर सर्जेरावचा आजा,
त्याच्याही एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.
दोन दिवस तो भिंतीकडं तोंड करून होता.
तिसऱ्या रात्री, नर्स दिवा घालवून गेल्यावर, म्हणाला,
पिराजी, तू मागंच हुबा होतास.
खरं सांग. आत होता का?

मी म्हटलं, दाजी, रेघेवर होता.

अंधारात तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला,
कुठल्या?